शॉप फ्लोअरवर टीम कशी तुटते आणि ती तुटू नये म्हणून नेमकं काय करायचं

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत जा, मशीन शॉपमध्ये ही गोष्ट कधी ना कधी घडलेली असतेच. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, बोअरचं म्हणजे गोल भोकाचं काम चालू आहे, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजतो तसा बोअर लहान येत जातो म्हणून सेकंड शिफ्टचा ऑपरेटर मधूनमधून ऑफसेट देत राहतो, म्हणजे मशीनमध्ये टूलचं माप तेवढं सरकवतो, पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), परत पाच, परत पाच. शिफ्ट संपायला दहा मिनिटं राहिलेली असताना इन्सर्ट पूर्ण जातो, तो नवीन बसवतो, पण आधी दिलेला ऑफसेट मागे घ्यायचा राहून जातो, आणि तिकडे गेटवर बस लागलेली असते. बस सुटली तर रात्री घरी जायचं कसं, म्हणून तो पळतो. नाईटवाला येतो, सायकल स्टार्ट करतो, पहिले काही पीस ओव्हरसाईज. लहान बोअर परत मारता येतो, मोठा झालेला बोअर म्हणजे थेट स्क्रॅप.

इथपर्यंत जे झालं ती चूक आहे आणि चूक होणारच. टीम तुटते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो "कोणी केलं?" नाईटवाला म्हणतो मला सांगितलंच नाही, सेकंडवाला म्हणतो टूल बदलल्यावर फर्स्ट पीस चेक करायचा असतो हे त्याला माहीत नाही का, आणि खरं बघितलं तर दोघांचंही बरोबर असतं. दोघांनाही मेमो मिळतो. त्यानंतर काय होतं ते बघा. दोघं हँडओव्हरच्या वेळी एकमेकांकडे बघत नाहीत, लॉगबुकमध्ये "मशीन ओके" एवढंच लिहिलं जातं, आणि पुढच्या वेळी खराब झालेला पीस रेड बिनमध्ये, म्हणजे नोंद करून खराब माल टाकायच्या लाल डब्यात, न जाता गुपचूप स्क्रॅप यार्डात जातो. तीन शिफ्टमध्ये एकच मशीन चालवणारी माणसं, पण एकमेकांना काही सांगायचंच बंद.

मला या सगळ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसत्या भांडणाने टीम तुटत नाही हो, भांडून परत एकत्र डबा खाणारी माणसं मी भरपूर बघितलीत. माणसं एकमेकांना सांगायची थांबली की मग टीम संपते, मग कितीही ट्रेनिंग घ्या आणि भिंतीवर कितीही पोस्टर लावा. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात प्रत्येक वागणुकीला मी एकच कसोटी लावलीय, हे केल्यावर समोरचा पुढच्या वेळी सांगेल की लपवेल.

पहिला प्रश्न बदला

लाईनवर काही बिघडलं की सुपरवायझरच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य सगळे कान देऊन ऐकत असतात. "कुणी केलं" आलं की सगळे बचावाला लागतात, प्रत्येकजण आपला पुरावा शोधतो, आणि तेवढ्या वेळात खराब माल पुढच्या ऑपरेशनला किंवा थेट डिस्पॅचला गेलेला असतो. त्यापेक्षा क्रम असा ठेवा. आधी विचारा माल कुठे आहे, किती पीस गेले, पुढचं थांबवलं का. मग विचारा काय झालं, कधी लक्षात आलं. मग विचारा हे होऊ शकलं कसं, म्हणजे ऑफसेट मागे घ्यायला कोण आठवण करून देणार होतं, चेकशीटमध्ये ती ओळ आहे का. नाव सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याच वेळा त्याची गरजच पडत नाही कारण तो माणूस स्वतःच सांगून मोकळा झालेला असतो.

आणि एक, ज्याने स्वतःहून येऊन सांगितलं त्याला त्याच जागी "बरं झालं सांगितलंस" म्हणा. टार्गेट गेलेलं असताना, वरून फोन येत असताना हे म्हणणं सोपं नाहीये पण शॉपवरची बाकी दहा माणसं तुमच्या चेहऱ्याकडेच बघत असतात, तिथे एकदा आवाज चढला की पुढचे सहा महिने कुणी येणार नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं १९९० च्या दशकातलं एक काम या बाबतीत प्रत्येक मॅनेजरने लक्षात ठेवावं असं आहे. हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये औषधं देताना किती चुका होतात हे त्या बघत होत्या आणि अपेक्षा अशी की जिथे टीम चांगली तिथे चुका कमी. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर दिसलं की त्या वॉर्डांत नर्स मोकळेपणाने चुका सांगत होत्या आणि जिथे हेड सिस्टरची भीती होती तिथे चुका दाबल्या जात होत्या. आता आपल्याकडचं निअर मिस रजिस्टर, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंदवही, आठवा, महिनोन्महिने कोरं असतं आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी एकाच पेनाने भरलेलं असतं. कोरं रजिस्टर बघून खूश होऊ नका, चौकशी करा की लोक सांगत का नाहीयेत.

हँडओव्हर गेटवर नको, मशीनवर

येणारा आणि जाणारा दोघं मशीनसमोर उभे राहिले पाहिजेत, आणि पाच गोष्टी तोंडाने बोलल्या गेल्या पाहिजेत. कुठला पार्ट चालू आहे, शेवटचा टूल कधी बदलला आणि ऑफसेट आत्ता किती आहे, कुठला गेज (मापायचं साधन) वापरतोय, होल्डवर म्हणजे शंका आली म्हणून बाजूला काय ठेवलंय, आणि मशीनचा काही आवाज, गळती, गरम होणं वगैरे. नंतर लॉगबुकमध्ये लिहा, पण आधी बोला, कारण लिहिलेलं वाचलं जाईलच असं नाही आणि बोलताना समोरचा एखादा प्रश्न विचारतो त्यातूनच अर्ध्या गोष्टी बाहेर येतात.

यात ऑपरेटरला दोष देऊन उपयोग नाही हेही सांगतो. शिफ्ट अकराला संपते आणि बस अकरा पाचला सुटते तर हँडओव्हर होणार कधी? बसची वेळ पंधरा मिनिटं पुढे ढकला, किंवा येणाऱ्या शिफ्टला दहा मिनिटं आधी बोलवा आणि त्या दहा मिनिटांचे पैसे द्या. "आमची माणसं बेजबाबदार आहेत" असं म्हणणाऱ्या मॅनेजरने आधी हे करून बघावं. कितीतरी वेळा ज्याला आपण माणसाचा स्वभाव म्हणतो ती वेळापत्रकातली चूक असते.

प्रॉडक्शन विरुद्ध क्वालिटी

हे भांडण प्रत्येक कंपनीत आहे आणि यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण यात चांगली चांगली माणसं एकमेकांना खोटारडी समजायला लागतात. प्रॉडक्शनवाला म्हणतो मी मोजला, ओके आहे. क्वालिटीवाला म्हणतो मी मोजला, अंडरसाईज आहे. मग "क्वालिटीवाल्यांना काम थांबवायलाच आवडतं" आणि "प्रॉडक्शनवाले डोळे झाकून पीस टाकतात" सुरू होतं, मेल जातात, मेलच्या सीसीमध्ये प्लँट हेडपर्यंत सगळे येतात, आणि नंतर दोघं कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलवर.

आता धातूचं बघा. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरतात. क्वालिटीची रूम त्याच्या आसपास ठेवलेली असते, आणि मशीनमधून नुकताच निघालेला पीस हाताला गरम लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा १०० मिलिमीटरचा बोअर १० अंशांनी जास्त गरम असेल तर जवळपास २३ मायक्रॉन मोठा असतो. ज्या बोअरचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, २५-३० मायक्रॉन आहे तिथे हा फरक म्हणजे सगळंच आलं. मशीनवर गरम असताना ओके दिसलेला पीस क्वालिटी रूममध्ये थंड झाला की अंडरसाईज येणार, आणि दोघंही शंभर टक्के खरं बोलत असणार! मे महिन्यात दुपारच्या शिफ्टला हे वाद जास्त होतात ते उगाच नाही.

म्हणून नियम करा, मेल लिहायच्या आधी पीस हातात घेऊन समोरच्याकडे जायचं. दोघांनी एकाच गेजने, एकाच मास्टरवर (पक्क्या मापाच्या नमुन्यावर) झीरो करून, पीस तेवढाच थंड होऊ देऊन एकत्र मोजायचं. तरी फरक आला तर गेजचं कॅलिब्रेशन, मोजायची जागा, हाताचा दाब बघायचा. बहुतेक वाद इथेच मिटतात आणि जो उरतो तो खरा टेक्निकल प्रश्न असतो, त्यावर मग खुशाल मेल करा. सीसीमध्ये साहेबांना टाकायची सवय मात्र सोडा. साहेबांना कळायलाच पाहिजे असं काही असेल तर आधी त्या माणसाला सांगा की मी हे वर कळवतोय. न सांगता सीसी केलं की त्याचा अर्थ एकच निघतो, आणि तो पुढच्या वेळी तुम्हाला फोन करायच्या ऐवजी मेलच टाकणार.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

रात्री साडेअकराला खराब पीसचा फोटो, खाली ऑपरेटरचं नाव आणि तीन प्रश्नचिन्हं. त्यावर दोन जणांचे अंगठे. झालं, ग्रुपवर साठ माणसं आहेत, त्यातल्या एकाचा अपमान साठ जणांसमोर झाला आणि तो झोपेतून उठल्यावर बघणार. चारचौघांत झापणं पूर्वीपासून होतं, पण तोंडी झापलेलं निदान विसरलं जायचं, हे स्क्रीनशॉट काढून ठेवलं जातं.

ग्रुपवर फक्त माहिती टाका, मशीन नंबर, पार्ट, काय झालं, माल कुठे होल्ड केलाय, सकाळी कुणी बघायचं. माणसाचं नाव फक्त कौतुकाला. बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन, समोरासमोर. तुमच्याच बाबतीत असं झालं तर ग्रुपवर उत्तर देऊ नका, "बघून सकाळी कळवतो" एवढंच लिहा आणि सकाळी त्या माणसाकडे जाऊन शांतपणे सांगा की सर, चूक असेल तर सांगा, पण मला सांगा, ग्रुपवर नको. बऱ्याच जणांना आपण काय केलं हे खरंच लक्षात आलेलं नसतं.

"मला शिकवू नको"

हे वाक्य सगळ्यात महाग आहे. वीस वर्षं काम केलेला सेटर, मशीनच्या आवाजावरून सांगणार काय बिघडलंय, पण त्याला ट्रेनीने काही विचारलं की अंगावर येतो. ट्रेनी एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा समोर चुकीचं दिसत असलं तरी गप्प बसतो.

२७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांवर टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. नेदरलँड्सच्या केएलएम कंपनीचं ७४७ विमान परवानगी मिळायच्या आधीच धावपट्टीवर धावायला लागलं, त्याच धावपट्टीवर अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचं विमान अजून होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलं की ते विमान बाजूला झालंय ना. कॅप्टनने ठामपणे हो म्हटलं. कॅप्टन म्हणजे साधा माणूस नव्हता, कंपनीच्या वैमानिकांना ७४७ शिकवणारा होता. फ्लाइट इंजिनिअर पुढे बोलला नाही. दोन्ही विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. यानंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमध्ये एकमेकांशी बोलायचं कसं, ज्युनिअरने शंका मांडायची कशी आणि कॅप्टनने ती ऐकायची कशी याचं वेगळं ट्रेनिंग सुरू केलं, युनायटेड एअरलाइन्सने १९८१ मध्ये. म्हणजे हा स्वभावाचा प्रश्न म्हणून सोडून दिला नाही, शिकवायचा विषय केला.

आपण शॉपवर हेच करू शकतो. सिनिअर माणसाला बाजूला घेऊन सांगा की दादा, तुमच्याकडे जे आहे ते पोरांना मिळायला हवं, त्यांनी विचारलं तर उत्तर द्या, आणि शंका चुकीची निघाली तरी विचारल्याबद्दल बोलू नका. ज्युनिअरनेसुद्धा "हे चुकीचं आहे" न म्हणता "दादा, मला इथे साईज वेगळी दिसतेय, एकदा बघता का" असं म्हणावं, आणि उत्तर पटलं नाही तर लाल टॅग लावून पीस बाजूला ठेवावा. पीस बाजूला ठेवायचा अधिकार पहिल्या दिवसाच्या ट्रेनीलाही पाहिजे, याबाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही.

टोयोटाच्या लाईनवर दोरी किंवा बटण असतं, कुठल्याही कामगाराला अडचण दिसली की त्याने ती ओढायची किंवा ते दाबायचं, टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाईन थांबते. कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, गैरहजेरी, संप, खराब क्वालिटी यासाठीच प्रसिद्ध, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तिथेच नुमी नावाने काम सुरू केलं आणि कामगार बहुतेक जुनेच घेतले. त्याच माणसांनी नंतर चांगल्या गाड्या बनवल्या. "आमच्याकडची पब्लिकच अशी आहे" म्हणणाऱ्यांना मी कायम हेच उदाहरण देतो.

कान भरणारे आणि "हो सर" वाले

कान भरणाऱ्यावर उपाय सोपा आहे पण तो सुपरवायझरलाच करावा लागतो. कुणी येऊन दुसऱ्याबद्दल सांगायला लागला की विचारायचं, "हे तू त्याला सांगितलंस का?" नाही म्हणाला तर आधी त्याच्याशी बोल, जमलं नाही तर आपण तिघं बसू. दोन-तीन वेळा हेच उत्तर मिळालं की माणूस थांबतो. पण साहेबांनाच बातम्या ऐकायला आवडत असतील तर मग काही इलाज नाही, शॉपवर कोण कुणाचा माणूस यावरच सगळं चालणार.

"हो सर" मात्र जास्त फसवं आहे. मीटिंगमध्ये विचारलं, शुक्रवारपर्यंत डाय तयार होईल ना, सगळे हो सर. बाहेर पडल्यावर टपरीवर सगळ्यांना माहीत असतं की मटेरियलच आलेलं नाहीये. "होईल ना?" असा प्रश्न विचारला तर आपल्याकडे माणूस मोठ्यासमोर नाही म्हणत नाही. त्यापेक्षा विचारा "यात कुठे अडकू शकतं?" आणि सगळ्यात ज्युनिअर माणसापासून सुरुवात करा, साहेबांचं मत शेवटी. एकाने अडचण सांगितली की बाकीचे बोलतात.

कायझनच्या, म्हणजे कामात सुधारणा सुचवायच्या, शीटवर नाव ज्याची आयडिया त्याचंच टाकायचं, त्याच दिवशी, त्याच्यासमोर. इंजिनिअरने ड्रॉइंग काढलं म्हणून आयडिया इंजिनिअरची होत नाही. यावर आणखी काय लिहिणार.

"ए कॉन्ट्रॅक्ट"

परमनंट आणि कॉन्ट्रॅक्ट हा भेद पगारात आहे, ड्रेसच्या रंगात आहे, कधी कधी कँटीनच्या रांगेतसुद्धा आहे. तो सगळा काढणं आपल्या हातात नसेल पण हाक मारताना नाव घेणं तर आहे. बिहार, ओडिशा, यूपीवरून आलेली, मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरं लाईनवर उभी असतात आणि वर्ष वर्ष त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं, "ए भैया", "ए ट्रेनी", "ए कॉन्ट्रॅक्ट". ज्याला नाव नाही तो तुम्हाला येऊन का सांगेल की फिक्स्चरचा क्लॅम्प ढिला झालाय? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी जी सुरक्षा चेकलिस्ट काढली त्यात चीर देण्याआधी टीममधल्या सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असा मुद्दा आहे. शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये नवीन माणसाचं नाव, गाव आणि मशीन सगळ्यांना सांगा, आणि भाषेवरून टिंगल कुणी केली तर तिथेच थांबवा. हिंदीत बोलावं लागलं तर बोला, मराठी शिकायची असेल तर शिकवा, पण लॉगबुक त्याला समजेल असं पाहिजे.

आधीच बिघडलेलं असेल तर

दोन माणसं महिनोन्महिने बोलत नाहीयेत अशी स्थिती असेल तर मोठी मीटिंग घेऊन "मिटवून टाका" म्हणू नका, हात मिळवून फोटो काढला जातो आणि आत काही बदलत नाही. आधी दोघांना वेगवेगळं ऐका, मध्ये न बोलता. मग एखादं लहान काम असं द्या की जे दोघांशिवाय होणार नाही, एखादा रिजेक्शनचा प्रश्न, एखादं सेटिंग कमी वेळात करायचं, आणि मुदत आठवड्याभराची. काम करताना बोलावंच लागतं. जुना विषय त्यांनी काढला तर काढू दे, तुम्ही काढू नका. चूक तुमच्या बाजूने असेल तर जिथे झापलं होतं तिथेच, त्याच लोकांसमोर, "त्या दिवशी माझं चुकलं" म्हणा. केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हटलेलं कुणाला कळत नाही.

आता शेवटचं आणि हे वेगळं आहे. काही वागणं "संबंध सुधारा" या खात्यात येतच नाही आणि तिथे समजुतीने घ्यायला सांगणं हाच अन्याय आहे. हात उचलणं, जातीवरून बोलणं, बाईच्या मागे लागणं, तिच्याबद्दल घाण बोलणं, फोटो-मेसेज पाठवणं, यात मध्यस्थी करायला जाऊ नका. जातीवाचक शिवीगाळ आणि अपमानासाठी १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कॉन्ट्रॅक्टवर असलेली, ट्रेनी, अप्रेंटिस, सगळ्या जणी यात येतात, "ती आपल्या रोलवर नाही" हे कारण चालत नाही. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, सबळ कारण असेल तर समिती अजून तीन महिने वाढवू शकते. तुमच्याकडे कुणी असं काही सांगायला आली तर आधी पूर्ण ऐकून घ्या, "नक्की असंच झालं का" विचारत बसू नका, समितीतल्या बाईंचं नाव आणि नंबर द्या, लिहायला मदत लागली तर करा, आणि दिलेल्या अर्जाची तारीख टाकलेली पोच घ्यायला सांगा.